रविवारी दौंडला फोन

बंगलोरची गाडी दौंडला दुपारी येते. आम्ही सकाळीच येऊन बसलो होतो. कवठे येमाईहून पहिल्या एसटीनं शिरूर, तिथून न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंड. आप्पा आणि आई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर आणि दोघांच्या मधे माझी चाकांची नवी बॅग. आप्पा तिचा दांडा वर ओढायचे, परत आत ढकलायचे. हाताला दुसरं काही काम नव्हतं. आई रुळांकडं बघत होती. गाडी यायच्या आधीच तिचे डोळे भरले होते.

नसीम रेल्वे क्वार्टरमधून चालत आली. ती माझी शिरूरच्या कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन दौंडला आली होती, पण गाव अजून तिलाही परकंच होतं. तिच्या अब्बांच्या दुकानात पडून असलेला एक वॉकमन तिनं माझ्यासाठी दुरुस्त करून आणला होता. गाडी लागली, मी खिडकीशी बसले, आणि रडायच्या त्या वेळेला आम्ही दोघी काय बोललो, तर बॅटरीबद्दल.

"रिवाइंड बटनानं करू नको," ती गजांतून हात घालून दाखवत होती. "लई बॅटरी खातंय. कॅसेटमधी पेन घालायचा आन् फिरवायचं. आन् ही वायर हितं दुमडली ना, की एका कानाचा आवाज जातो. गेला तरी फेकायचा न्हाई. सोलायची, पीळ द्यायचा, चिकटपट्टी लावायची."

"बंगलोरात चिकटपट्टी मिळंल का?"

"न्हाई मिळाली तर ये परत."

गाडी हलली. आप्पा खिडकीजवळ आले आणि म्हणाले, "मागं वळून बघू नकं. पुढचा मागं बघायला लागला की कळप थांबतो." आमचे आजोबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. माझ्या जन्माआधीच घरानं मेंढरं विकली आणि शेती धरली, पण आप्पांचं बोलणं शेवटपर्यंत मेंढरांतच राहिलं. मी मागं बघितलं नाही. आज वाटतं, बघायला हवं होतं. कळप कुठं होता माझ्यामागं? मी एकटीच होते.

माझ्यासारखं गाव सोडलेलं जे कुणी हे वाचत असेल, त्याला त्या वेळचं असंच काहीतरी बिनकामाचं बोलणं आठवत असेल. खरं बोलायचं ते राहून जातं. पण नसीमचं आणि माझं तसं नव्हतं. आमचं सगळं बोलणं मुळातच असल्या वस्तूंबद्दल होतं.

तिच्या अब्बांचं शिरूरला बाजाराच्या मागच्या अंगाला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेज सुटल्यापासून कवठ्याची एसटी लागेपर्यंत मी तिथं बसायचे. अब्बा सोल्डरिंग करायचे, नसीम टेपच्या हेडवरचा मळ स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची आणि मी काही न करता बोलत राहायचे. रंगीत टीव्हीत माणसं एवढी गोरी का दिसतात. कॅसेट ताणली की गाणारणीचा आवाज बाप्यासारखा का होतो. पिक्चरमधल्या हिरोच्या कमरेला पेजर होता तो खरा का खोटा. कॉम्प्युटरला व्हायरस होतो तर जवळ बसणाऱ्याला होतो का, हे मी खरोखर विचारलं होतं. अब्बा हातातलं काम खाली ठेवून हसले होते.

शिरूरला कॉम्प्युटर क्लास निघाला तेव्हा आम्ही दोघींनी एकत्र नाव घातलं. चपला बाहेर, आत सतरंजी आणि एसी. दोघींत मिळून एक कॉम्प्युटर. सर दुसऱ्या बॅचकडं गेले की स्क्रीनसेव्हर लागून पडद्यावर आपोआप रंगीत नळ्या एकमेकींना जोडत जायच्या. बाकीच्या मुली माउस हलवून कामाला लागायच्या. नसीम मला हलवू द्यायची नाही. "ऱ्हाऊ दे. बघू किती भरतंय," म्हणायची. पडदा नळ्यांनी गच्च भरला की तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मग ती मला म्हणायची, "पुढच्या येळंला वेगळं होईल."

आमच्या घरी टीव्ही घेतला तो अब्बांच्याच सल्ल्यानं. अँटेना बसवायला बापलेक कवठ्याला आले. अब्बांचे गुडघे दुखायचे म्हणून छपरावर आप्पा चढले, आत टीव्हीपुढं नसीम, आणि मधे दारात आई निरोप द्यायला.

"फिरवा आप्पा, पुण्याकडं फिरवा," नसीम आतून ओरडायची.

"पुणं कुठं हाय? वढूकडं का त्याच्या खाली?"

"मुंग्या हायेत अजून. थोडं. अजून थोडं. आलं. ऱ्हाऊ द्या. गेलं."

दुपार त्यातच गेली. शेवटी चित्र आलं आणि आप्पा खाली उतरून टीव्हीपुढं बसले तेव्हा एक बाई पिकांवरच्या कीडनाशकाची माहिती देत होती. त्यांनी ती सगळी ऐकली. मग नसीमला म्हणाले, "पोरी, तुझी नजर लई बारीक हाय."

पण तिची नजर बारीक नव्हती. दिवस मावळला की नसीमला नीट दिसायचं नाही. एसटी स्टँडवर मला सोडायला यायची तेव्हा माझं मनगट धरून चालायची आणि परत नेण्यासाठी तिचा भाऊ यायचा. तिच्या एका खालालाही, म्हणजे मावशीलाही, तसंच होतं. अम्मी तिला रोज गाजरं खायला घालायची, आणि गाजरांनी बरं होईल असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

त्याच खालाच्या मुलाशी, युनूसभाईंशी, तिचं लग्न झालं. ते रेल्वेत फिटर. मितभाषी, सज्जन माणूस. नसीमनं क्वार्टरच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढायचं म्हटलं तेव्हा सुटीच्या दिवशी त्यांनी स्वतः टेबलं ठोकली. मी पुण्यात वर्षभर शिकून मोबाइलचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या कंपनीत लागले आणि दौंडच्या त्या प्लॅटफॉर्मवरून निघून गेले.

बंगलोरमध्ये मी मुलींच्या पीजीमध्ये राहायचे. घरमालकीण रोज दारात विचारायची, "ऊट आयता?" जेवण झालं का. तेवढं कानडी मला पहिल्यांदा कळलं आणि पहिल्यांदा घराची आठवण आली तीही त्याच शब्दांनी. ऑफिसात सगळे इंग्रजीत बोलायचे. कॅब, बिल्ड, बग, रिलीज. जेवायच्या सुटीत मुलं नव्या हँडसेटबद्दल बोलायची. मेमरी किती, प्रोसेसर कुठला. मला सगळं समजत होतं, पण त्या बोलण्यात कुणी हसत नसे. मी रविवारची वाट बघायचे.

रविवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून दौंडला फोन करायचे. पुढं दोघींकडं मोबाइल आले. शिरूरचं दुकान जसंच्या तसं फोनमध्ये उतरायचं. एका सीडीत दीडशे गाणी बसतात म्हणजे ती गाणी आखडून बसवतात का. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जो मुलगा रडला तो मुद्दाम रडला का. फोनला कॅमेरा आला तो कशाला आला, कॅमेऱ्याला फोन का नाही आला. मी तिला माझं काम सांगायचे: मराठी मेन्यू आलाय, पण 'संदेश'मधला अनुस्वार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतोय आणि तो बग, म्हणजे ती चूक, माझ्या नावावर आहे.

"तुझ्या नावावर जमीन न्हाई, बग हाय," ती म्हणायची.

मधल्या काळात तिला मुलगी झाली, सना. मी पाळण्याला जाऊ शकले नाही. नव्या फोनचं रिलीज होतं.

त्यानंतर तिचे प्रश्न थोडे बदलले. नव्या फोनमध्ये अक्षर केवढं असतं? काळ्यावर पांढरं करता येतं का? फोन आला की कुणाचा आहे ते फोनच बोलून सांगेल असं काही निघालंय का? पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं म्हणतात, ते किती हळू वाचतं? मला वाटलं, क्लाससाठी विचारतेय. अक्षराचं मी टीम लीडपुढं मांडलंसुद्धा. तो चांगला होता, नीट ऐकून घेतलं. म्हणाला, लोकांना एका पडद्यावर जास्त ओळी हव्यात, मोठं अक्षर पुढच्या वेळी बघू. मी नसीमला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बघा, बघा. घाई न्हाई." आणि स्पर्धेतल्या मुलाबद्दल बोलू लागली.

खरं मला आप्पांनी सांगितलं. ते पाटसला साखर कारखान्यावर उसाच्या कामासाठी गेले होते, तिथून दौंडला नसीमच्या घरी जाऊन आले. फोनवर ते नेहमी पाऊसपाण्यापासून सुरुवात करायचे. त्या दिवशी केली नाही.

"नसीमला दिसत न्हाई गं."

"संध्याकाळचं दिसत नाही तिला, आप्पा. पहिल्यापासून."

"न्हाई. भर दुपारी गेलतो मी. मी हितं बसल्यालो आन् ती माझ्या पाठीमागच्या भिंतीशी बोलत हुती. च्या घिऊन आली ती हात लावत लावत. म्या काय बोललो न्हाई. तीबी न्हाई बोलली. तू जाऊन ये."

मी गेले. जेवढी रजा मिळाली तेवढी घेऊन.

क्वार्टरच्या पुढच्या खोलीत युनूसभाईंनी ठोकलेली टेबलं होती, पण कॉम्प्युटर एकच उरला होता, बाकीचे देऊन टाकले होते. नसीम दाराकडं तोंड करून बसलेली. मी दारात आले तशी तिनं मान जरा डावीकडं, जरा उजवीकडं केली, शोधल्यासारखी, आणि मग हसली. "सापडलीस," म्हणाली.

डोळ्याच्या पडद्याचा आजार. नजरेचा घेर कडेनं आवळत येतो, मधे उरतं तेही पुसट होत जातं. खालाला तोच होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध नाही, ऑपरेशन नाही. हे तिनं मला चहा पिताना सांगितलं, एखाद्या बिघडलेल्या सेटबद्दल सांगावं तसं. मी विचारलं, एवढे रविवार गेले, मला का नाही सांगितलंस.

"सगळ्यांना सांगून झालं होतं," ती म्हणाली. "अम्मी रडती. अब्बा बोलतच न्हाईत. शेजारणी तावीज आणत्यात. तुझा फोन आला की अर्धा तास मी नुस्ती नसीम असायचे. ते पण घालवू का?"

तेवढ्यात युनूसभाई ड्युटीवरून आले, मला बघून म्हणाले, "बरं झालं मंगलताई तुम्ही आलात," आणि आत जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिले.

मी बंगलोरहून लॅपटॉप आणला होता. त्यावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं, चाचणीपुरतं. इंग्रजी ते फडाफड वाचायचं, परदेशी पुरुषाच्या आवाजात. मी मराठीत एक ओळ टाइप केली. तो गप्प. पुन्हा लावलं. पुन्हा गप्प. मराठी त्याला येत नव्हती, तो ती ओळ नसल्यासारखी ओलांडून जायचा.

"मराठी शिकला की सांग," नसीम म्हणाली. "तवर त्याला त्याच्या गावी ऱ्हाऊ दे."

मग तिनं जे मागितलं ते मी विसरू शकत नाही. माझ्याकडं डिजिटल कॅमेरा होता. ती म्हणाली, "सनाचा फोटो काढ. लई जवळून. आन् कॉम्प्युटरवर मोठा कर. ती एका जागी बसत न्हाई गं. कपाळ दिसतं तवर नाक हलतं. सगळी मला कवा दिसलीच न्हाई."

सना तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. तिला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि फोटो काढला. मोठ्या पडद्यावर मी तो वाढवत नेला, इतका की एका वेळी फक्त एक भुवई मावेल. नसीम पडद्याला नाक लागेल इतकी पुढं सरकली. मी बाणाच्या बटणानं चित्र हळूहळू सरकवत होते आणि ती सांगत होती.

"थांब. हितंच. ही युनूसची भुवई हाय. आता खाली. अजून खाली. हा तीळ हाय का डाग?"

"तीळ."

"मला कुणी सांगितलंच न्हाई, तीळ हाय म्हणून. व्हट दाखव. हळू."

अख्खी दुपार आम्ही तेच केलं. डोळे, कान, हनुवटीवरची पडल्याची खूण. ती पुन्हा पुन्हा कपाळापासून सुरुवात करायची, पाठ करावं तसं. सना कंटाळून बाहेर खेळायला गेली. बाहेर तिचा आवाज येत होता आणि आत तिची पापणी पडद्यावर एवढी मोठी पसरलेली. नसीमच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण ती डोळे पुसत नव्हती. पुसायला तेवढा वेळ बघणं थांबवावं लागलं असतं.

शेवटी ती म्हणाली, "आता तुझा."

माझाही फोटो काढून लावला. ती कपाळाशी थांबली. "हे केस पांढरे कवा झाले?"

"तिकडं गेल्यावर."

"फोनवर बोलली न्हाईस कवा."

"तू तरी कुठं बोललीस?"

बाहेर दिवस कलला तशी ती उठली, चाचपत स्वयंपाकघरात गेली आणि सनाला हाक मारली. दिवा लावला नाही. "सना, खाली चमचा पडलाय, घे बरं." सनानं अंधुक उजेडात चमचा उचलून दिला. नसीमनं तो मुठीत घट्ट धरला आणि मग दिवा लावला. रोज दिवेलागणीला ती असं करते, हे युनूसभाई मला स्टेशनवर सोडायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, मुलीला होईलही, नाहीही. चमचा सापडला की तो दिवस पार पडायचा.

तिची उरलेली नजर पुढं गेली. एकदम नाही गेली, रोज थोडी. तिनं मला तारीख सांगितली नाही, कारण तिलाही ती माहीत नव्हती. एका रविवारी म्हणाली, "आता उजेड आन् अंधार एवढंच कळतं," आणि विचारलं, नवीन काय निघालंय. मी सांगत राहिले. बटणांचा फोन तिच्या बोटांना पाठ होता. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तिथून ती सगळे आकडे शोधायची. मग बटणं नसलेले फोन आले. युनूसभाईंनी हौसेनं एक आणला. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "काचेची पाटी हाय नुस्ती. माझ्यासाठी त्यात काय ठेवलंच न्हाई." मी तेव्हा त्याच फोनांचं सॉफ्टवेअर तपासत होते. तो रविवार लवकर संपला.

त्यानंतरच्या एका फोनवर मी काहीतरी नव्या टीव्हीचं सांगत होते, भिंतीला टांगायचा, पाठीमागं खोकं नसलेला. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "मंगल, एक सांगू? आता नवीन नको सांगू. ते मी बघितलं न्हाई, तर मला काय दिसत न्हाई. जे आपण बघितलंय ते सांग. ते अजून दिसतं मला."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी रडले. स्टेशनवर रडले नव्हते ते सगळं.

आप्पा आता नाहीत. आई भावाकडं कवठ्यालाच असते. मी गेले की मला ताट वाढतात, पाट मांडतात, पाहुणीला करतात तसं सगळं करतात. बंगलोरला माझं स्वतःचं घर आहे, नवरा आहे, मुलगा घरात कानडी आणि इंग्रजी बोलतो. शिरूरचा रस्ता रुंद झाला, त्यात अब्बांचं दुकान गेलं, मागची गल्ली राहिली ती ओळखू येत नाही. मी तिथं उभी राहून आले. मला काहीही आठवलं नाही.

आठवतं ते रविवारी. मी बंगलोरच्या गॅलरीत खुर्ची टाकते, फोन कानाला लावते आणि आम्ही दोघी शिरूरच्या स्टँडवरून अब्बांच्या दुकानाकडं निघतो. मी सांगते, उजव्या हाताला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्याला बांधलेली घुंगरं. ती म्हणते, उजव्या न्हाई, डाव्या, उजव्या हाताला सायकलवाला. मी म्हणते, मग कासार. ती म्हणते, आधी पिंपरणीचं झाड, त्याखाली चाकूला धार लावणारा, मग कासार. पायाखालचं गटार ओलांडताना ती मला सांभाळ म्हणते. कधी कधी एका फोनमध्ये आम्ही अर्ध्या गल्लीपर्यंतच जातो.

परवा सना मधेच बोलली. ती आता कॉलेजला आहे. तिची नजर चांगली आहे, संध्याकाळचीही. फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "अम्मी, मी गेले होते ना शिरूरला. तिथं यातलं काहीच नाहीये."

"तू गप," नसीम म्हणाली. "आमी अजून पोचलो न्हाई." आणि मला म्हणाली, "हां, कासारापर्यंत आलो होतो. चल पुढं."